औषध अंगवळणी पडत नाही तेव्हा

दिवाळीच्या सुमारास आमच्या रत्नागिरी परिसरात कुंपणांवर आणि ओसाड बांधांवर एक वेल फुललेला दिसतो. जांभळट रंगाच्या फुलांचे लोंबते घोस असतात. थंडी पडली की त्यांच्या जागी शेंगा लटकतात आणि त्यांवर सोनेरी मखमल चढते. या मखमलीला हात लावण्याचा मोह ज्याला आवरला नाही, त्याला हे झाड जन्मभर विसरता येत नाही. हीच खाजकुइली. शाळेत असताना बाकावर तिची कुसळे भुरभुरून ठेवणे हा आमच्या पिढीचा मुख्य पराक्रम होता. संस्कृतात तिला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे वानरालाही खाजवायला लावणारी. औषधांच्या बाजारात तिचे बी कवचबीज या नावाने मिळते.

या बियांचे चूर्ण मी माझ्या थोरल्या मामांना आणून दिले होते. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

मामांना कंपवात होता, म्हणजे पार्किन्सनचा आजार. आयुष्यभर हापूसच्या कलमांवर चढणारा माणूस अंगणातून पडवीत यायला दहा मिनिटे घेऊ लागला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांचा गुणही होता. मला जुन्या कागदपत्रांचा आणि कोकणातल्या औषधी वनस्पतींचा नाद. खाजकुइलीच्या बीमध्ये तेच द्रव्य आहे जे या गोळ्यांत असते, हे मी वाचले होते. वाचलेले उपयोगी पडते आहे याचा आनंद अर्धशिक्षित माणसाला जरा जास्तच होतो. मी चूर्णाचा डबा घेऊन गेलो आणि सांगितले, "मामा, झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही."

पहिले काही महिने मामा खरोखर खुलले. मग एक दिवस मामेभावाचा फोन आला. म्हणाला, "बाबांचे हात आता थरथरत नाहीत, नाचतात. मानही डोलते. आणि ते स्वतः म्हणतात, अजून एक चमचा दे." मामींनी डबा लपवायला सुरुवात केली होती. घरात सगळ्यांना वाटत होते की म्हातारपणी माणूस हट्टी झाला आहे.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न अडकून बसला. औषधाची सवय झाली की त्याचा गुण कमी होतो, हे आपण सगळेच जाणतो. तंबाखू खाणाऱ्याला पहिल्या दिवशी चक्कर येते, दहाव्या दिवशी येत नाही. आपल्या भाषेत याला अंगवळणी पडणे म्हणतात. मग मामांच्या बाबतीत उलटे कसे झाले? तेच औषध, पण परिणाम दिवसेंदिवस वाढत कसा गेला? मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. पण या प्रश्नाचा माग काढायला मला काही वर्षे लागली. त्या वाटेवर मुंबई आणि मद्रास लागले, गोवा लागला, आणि सगळ्यात जास्त मुक्काम स्वीडनमधल्या लुंड या विद्यापीठाच्या गावी पडला.

०००

सुरुवात खाजकुइलीपासून होत नाही. ती कोकणात आणि सह्याद्रीच्या सावलीत उगवणाऱ्या दुसऱ्याच एका झुडपापासून, सर्पगंधेपासून होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांबद्दल लिहिले. त्यांतली एक सर्पगंधेची असावी, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. देशात ही मुळी झोप न येणाऱ्याला, भ्रमिष्टाला आणि आक्रस्ताळ्या माणसाला देण्याची जुनी पद्धत होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी मुळीतली द्रव्ये वेगळी काढत होते.

जगाचे लक्ष गेले ते मात्र मुंबईमुळे. केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. तीन वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतले मुख्य गुणकारी द्रव्य हाती लागले. त्याचे नाव रेसर्पिन. १९५३ साली अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवरील उपयोगाबद्दल एक निबंध वाचला. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली, ती नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने वाचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात रेसर्पिनचे प्रयोग झाले. आमच्या रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. अशा संस्थांमध्ये त्या काळापर्यंत बंद दार, थंड पाणी आणि विजेचा झटका यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका मुळीने केवढी खळबळ उडवली असेल याची कल्पना येते. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रेसर्पिनचा एक विचित्र दोष होता. मोठी मात्रा दिलेले काही रोगी मंद होत, वाकून चालत, त्यांचे हात थरथरत. कंपवाताचे जणू सोंगच औषध उभे करत होते.

०००

आता लुंड. १९५७ साली तिथे आर्विद कार्लसन नावाचा ३४ वर्षांचा औषधशास्त्रज्ञ सशांना रेसर्पिन टोचत होता. रेसर्पिन दिलेला ससा पाहण्यासारखा असतो. कान खाली पडलेले, अंग गळून गेलेले, ढकलले तरी हलत नाही. रेसर्पिनमुळे मेंदूतल्या पेशींची कोठारे रिकामी होतात, हे तोवर कळले होते. कोणते कोठार रिकामे झाल्याने ससा असा पडतो, हा प्रश्न होता. बहुतेकांचा संशय सेरोटोनिनवर होता. कार्लसनने सेरोटोनिनचा कच्चा माल टोचून पाहिला, ससा तसाच पडून राहिला. मग त्याने डोपा टोचले. सुमारे पंधरा मिनिटांत कान उभे राहिले, ससा इकडेतिकडे पाहू लागला आणि चालू लागला.

डोपापासून शरीरात डोपामिन बनते. तोवर डोपामिन म्हणजे दुसरे काही बनवण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, असेच मानले जाई. कार्लसनने पुढच्या वर्षी दाखवले की ते मेंदूत स्वतंत्रपणे असते आणि हालचालीशी त्याचा संबंध आहे. या शोधासाठी त्याला २००० साली नोबेल मिळाले.

इथे खाजकुइली आपल्या गोष्टीत येते. कारण सशाला उठवणारे हे डोपा निसर्गात कुठे सापडते? १९१३ साली मार्कुस गुगेनहाइमने ते युरोपातल्या बाकला या शेंगेच्या बियांतून काढले होते. त्याने अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिले आणि त्याला उलट्या झाल्या. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले आणि बायोकेमिकल जर्नलमध्ये छापले. त्या वेळी ते कशासाठी उपयोगी पडेल याची कुणालाच कल्पना नव्हती. वीस वर्षांनी कळले. आपल्या रानातले एक झुडूप मेंदूचे कोठार रिकामे करते आणि त्याच रानातला एक वेल ते भरण्याचे द्रव्य बियांत साठवून ठेवतो.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. स्ट्रायटम या भागातले डोपामिन जवळजवळ नाहीसे झालेले होते. १९६१ साली तिथेच बिर्कमायर यांनी रोग्यांना एल-डोपाची इंजेक्शने दिली. अंथरुणाला खिळलेली माणसे थोड्या वेळासाठी उठून चालली. १९६७ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन येथे जॉर्ज कोत्झियास यांनी डोपा तोंडाने, थोड्यापासून वाढवत मोठ्या मात्रेपर्यंत दिले आणि उपचार टिकाऊ झाला. आज जगभर दिली जाणारी लेव्होडोपाची गोळी हीच.

आणि कोत्झियास यांच्याच १९६९ च्या अहवालात दुसरी बाजूही आली. सुधारलेल्या रोग्यांपैकी कित्येकांच्या अंगाला नको असलेल्या हालचाली सुरू झाल्या होत्या. मान वळवळणे, जीभ बाहेर येणे, हातपाय लहरत राहणे. डॉक्टर याला डिस्कायनेशिया म्हणतात. महत्त्वाची गोष्ट ही की पहिल्या गोळीने हे होत नाही. महिने जातात, वर्षे जातात. चार ते सहा वर्षे लेव्होडोपा घेतलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांत ते दिसते. मात्रा तीच असली तरी एके दिवशी ती जास्त होते. मामेभावाने फोनवर सांगितलेले मला इथे शब्दशः भेटले.

०००

तीच मात्रा जास्त कशी होते, याचे उत्तर पार्किन्सनच्या पुस्तकांत मला मिळाले नाही. ते मिळाले नशेच्या इतिहासात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबई अशा शहरांत कोकेनचे व्यसन पसरले होते. आपल्याकडे ते पानाच्या विड्यातून खाल्ले जाई. सरकारने बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. अफूच्या व्यसनाची रीत सर्वांना माहीत होती. रोजची मात्रा वाढवत न्यावी लागते आणि अफूबाज असा काही मुरतो की नवख्याला मारणारी मात्रा तो सहज पचवतो. कोकेनही तसेच वागत असेल, असे मानणे साहजिक होते.

१९३२ साली डाउन्स आणि एडी या दोघांनी कुत्र्यांना आणि उंदरांना कोकेन पुन्हापुन्हा टोचून पाहिले. जनावरे मुरली नाहीत. उलट, तेवढ्याच मात्रेने ती दिवसेंदिवस अधिक धावू लागली, अधिक खवळू लागली. हे निरीक्षण बराच काळ बाजूला पडून राहिले. डोपामिनचा शोध लागल्यावर त्याला अर्थ आला, कारण कोकेन आणि अॅम्फेटामिन ही दोन्ही द्रव्ये पेशींच्या बाहेर डोपामिन वाढवतात. १९७४ साली सीगल आणि मँडेल यांनी उंदरांना अॅम्फेटामिन रोज देऊन हालचाल मोजली. ती पायरीपायरीने वाढत गेली आणि शेवटी उंदीर एकच कृती पुन्हापुन्हा करत बसले: हुंगणे, मान हलवणे, चाटणे. या घटनेला वर्तनात्मक संवेदीकरण म्हणतात. नाव बोजड आहे, अर्थ सोपा आहे. अंगवळणी पडण्याचे हे उलटे टोक.

या संवेदीकरणाचे चार नियम प्रयोगांतून पक्के झाले आणि प्रत्येक वाचताना मी थबकलो.

पहिला नियम म्हणजे औषध थांबून थांबून दिले तर संवेदीकरण होते. सलाइनसारखे अखंड सोडले तर तेच द्रव्य बहुधा अंगवळणी पडते. आमच्या कातळावर पावसाळ्यात हे पाहायला मिळते. एक जोरदार सर येऊन जाते आणि मातीत बारीकसा ओघळ पाडते. दुसरी सर नवी वाट शोधत नाही, त्याच ओघळातून वाहते आणि तो खोल करते. काही सरींनंतर थोड्या पावसालाही पाणी तिथून उसळत जाते.

दुसरा नियम जागेचा. उंदराला ज्या पिंजऱ्यात औषध दिले, त्या पिंजऱ्यात त्याची प्रतिक्रिया सर्वांत तीव्र असते. वेगळ्या जागी नेले तर पुष्कळदा कमी दिसते. म्हणजे शरीर नुसते द्रव्य लक्षात ठेवत नाही, प्रसंगही लक्षात ठेवते.

तिसरा नियम टिकण्याचा. रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले की अॅम्फेटामिन बंद करून एक वर्ष लोटले तरी उंदरांतली वाढलेली प्रतिक्रिया शिल्लक असते. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. त्या हिशेबाने ही आठवण जवळजवळ जन्माची झाली.

चौथा नियम असा की हे घडते ते मेंदूतल्या शिकण्याच्या यंत्रणेतूनच. ग्लुटामेट या द्रव्याचा निरोप ज्या दारातून आत जातो ते दार अडवले, तर संवेदीकरण सुरूच होत नाही. पाठांतर करतानाही मेंदू हेच दार वापरतो. १९९७ साली रॉबिन्सन आणि कोल्ब यांना अॅम्फेटामिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटलेले दिसले. पेशी एकमेकींशी जोडल्या जातात त्या या काट्यांवर.

थोडक्यात, औषध शरीरातून काही तासांत निघून जाते, पण त्याने शिकवलेला धडा मागे राहतो.

०००

हे झाले निरोगी मेंदूचे. पार्किन्सनच्या मेंदूत आधीच एक गोष्ट घडलेली असते. ती काय, हे दाखवणारा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कुणालाही डोळ्यांनी दिसेल असा आहे.

स्टॉकहोममध्ये उर्बान उंगरस्टेड्ट यांनी उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूचे डोपामिन बनवणारे तंतू मारले. मग डोपामिनसारखे काम करणारे औषध दिले. उंदीर गोल गोल फिरू लागला, घाण्याच्या बैलासारखा. तो फिरला तो दुखावलेल्या बाजूकडून निरोगी बाजूकडे. याचा अर्थ, रिकाम्या बाजूने औषधाला जास्त जोराने उत्तर दिले. १९७१ साली उंगरस्टेड्ट यांनी यावर विस्ताराने लिहिले. ज्या पेशीला डोपामिन मिळेनासे होते, ती आपले कान टवकारते. दूरच्या गावी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणारी आई जशी पोस्टमनच्या सायकलची घंटा चार घरे आधी ऐकते, तशी.

म्हणजे पार्किन्सनच्या रोग्याच्या मेंदूत दोन गोष्टी एकत्र येतात. उपासमारीने पेशी आधीच टवकारलेली असते. त्यात दिवसातून तीन-चार वेळा, थांबून थांबून, लेव्होडोपाची सर येते आणि प्रत्येक सरीला ओघळ खोल होतो. १९९८ साली आंजेला चेंची, ली आणि ब्यॉर्कलुंड यांनी एका बाजूने दुखावलेल्या उंदरांना रोज लेव्होडोपाची तीच लहान मात्रा दिली. काही दिवसांतच उंदरांच्या माना पिळवटू लागल्या, पुढचे पाय लहरू लागले, जिभा बाहेर येऊ लागल्या. मात्रा वाढवलेली नव्हती. हा प्रयोग झाला लुंडमध्येच. ज्या गावात १९५७ साली सशाचे कान डोपाने उभे राहिले, त्याच गावात ४१ वर्षांनी डोपाचे दुसरे रूप उंदरांत मोजले गेले. हे उंदीर आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात. डिस्कायनेशिया कमी करणारे नवे औषध माणसापर्यंत येण्याआधी बहुधा त्यांच्याकडून जाते.

२००० सालचे नोबेल कार्लसनला एकट्याला मिळाले नव्हते. दुसरे मानकरी पॉल ग्रीनगार्ड यांनी डोपामिनचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो ते उलगडले होते. तिसरे एरिक कँडेल यांनी एका समुद्री गोगलगाईत दाखवले होते की एका धक्क्यानंतर ती साध्या स्पर्शालाही दचकते आणि ही दचक म्हणजे आठवणीचेच एक प्राथमिक रूप आहे. त्यालाही संवेदीकरणच म्हणतात. डोपामिन, पेशीतला निरोप आणि आठवण या तिन्ही गोष्टींना एकाच वर्षी एकत्र गौरवले गेले. माझ्या मामांच्या पडवीत या तिन्ही गोष्टी एकाच खुर्चीवर बसल्या होत्या.

०००

आता पुन्हा चूर्णाच्या डब्याकडे. खाजकुइलीने कंपवात सुधारतो, ही समजूत पोकळ नाही. १९७८ साली मुंबईच्या अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या बियांचा पार्किन्सनच्या रोग्यांवर केलेला अभ्यास न्यूरॉलॉजी इंडियात छापला. लेखकांत नोशिर वाडियांसारखे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञही होते. पुढे मुंबईच्या झंडू कंपनीने बियांपासून केलेल्या औषधाचा अभ्यास ६० रोग्यांवर १२ आठवडे झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही सुधारणा दिसली. २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांना एकेका मात्रेने नेहमीचे औषध आणि खाजकुइलीचे चूर्ण देऊन तुलना झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत आला, गोळीला ६९ मिनिटे लागली. चूर्णाचा परिणाम टिकलाही जास्त आणि नको असलेल्या हालचाली वाढल्या नाहीत.

हे मी मामांना डबा देण्याआधीच वाचले होते. माझी चूक वाचनात नव्हती, हिशेबात होती. लंडनचा अभ्यास एकेका मात्रेचा होता. संवेदीकरण मात्र एका मात्रेत दिसतच नाही, ते रोजच्या पुनरावृत्तीतून तयार होते. दुसरी चूक त्याहून मोठी. त्या चूर्णाच्या ३० ग्रॅममध्ये सुमारे एक ग्रॅम लेव्होडोपा होते. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात दीडशे मिलिग्रॅमहून अधिक. नुसते चूर्ण घेतले तर त्यातले बरेचसे लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी शरीरातच खर्च होते. हा खर्च थांबवण्यासाठी डॉक्टरांच्या गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे पाऊणपट घटते. मामा गोळी घेत होते, म्हणजे कार्बिडोपा पोटात होतेच. त्याने गोळीतल्या डोपाबरोबर माझ्या चमच्यातल्या डोपालाही मेंदूपर्यंत वाट करून दिली. मी झाडपाला समजून दिलेली वस्तू म्हणजे जवळजवळ आणखी दीड गोळी होती. हिशेबात कुठेही न लिहिलेली.

आणि तो हट्ट? त्याचाही खुलासा याच इतिहासात आहे. १९९३ साली रॉबिन्सन आणि बेरिज यांनी मांडले की डोपामिनच्या वाटा संवेदनशील झाल्या की वाढते ती ओढ. सुख वाढतेच असे नाही. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस एखाद्या गोष्टीसाठी तळमळतो, मिळाल्यावर मात्र त्यात फारसा आनंद सापडत नाही, असे होऊ शकते. हा विचार व्यसनाबद्दल होता. पण पार्किन्सनच्या काही रोग्यांतही हे दिसते. अंग मोकळे असले तरी ते पुढची मात्रा मागत राहतात, लपवून घेतात. घरचे त्याला हावरेपणा म्हणतात.

मामींनी डबा तांदळाच्या पिंपात लपवला होता आणि मामांनी तो शोधून काढला होता. त्या दोघांमध्ये त्या महिन्यांत जे बोलणे झाले, ते मी ऐकले आहे. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना असे शब्द कधी वापरले नव्हते. ते शब्द चूर्णाने वदवले, असे मी म्हणणार नाही. पण त्यांतला निम्मा वाटा माझ्या डब्याचा होता, एवढे मला आज दिसते.

०००

शेवटी मामांच्या डॉक्टरांना सगळे सांगितले ते मीच. लाज वाटत होती. त्यांनी रागावण्याऐवजी वही पुढे ओढली आणि विचारले, "किती, केव्हापासून, दिवसातून किती वेळा?" मी म्हटले, "बंदच करून टाकू का?" ते म्हणाले, "एकदम नाही." लेव्होडोपा अचानक तोडले तर अंग ताठरते, ताप चढतो आणि जिवावर बेतू शकते. मात्रा हळूहळू उतरवली, गोळ्यांच्या वेळा जवळजवळ आणल्या, प्रत्येक वेळची मात्रा लहान केली. सरी थांबवून संततधार करण्याचा तो प्रयत्न होता, हे मला त्या वेळी कळले नाही. हातांचे नाचणे बरेच कमी झाले, अगदी गेले मात्र नाही. मामा गेले त्याला आता काही वर्षे झाली.

वनस्पतींचा इतिहास लिहिताना आम्हा हौशी लोकांचा सूर अभिमानाचा असतो. हे आमच्याकडे आधीच होते, हे आमच्या वैद्यांना माहीत होते, वगैरे. सर्पगंधा आणि खाजकुइली यांच्याबाबत तो अभिमान खोटा नाही. पण मग त्या अभिमानाचा दुसरा अर्धा भागही पत्करायला हवा. ज्या वनस्पतीत खरोखर औषध आहे, ती निरुपद्रवी असूच शकत नाही. वकिलांनी सर्पगंधेची मात्रा मोजली, वैद्य-वाडियांनी खाजकुइलीची मोजली. मोजली म्हणूनच ते औषध झाले. मी मोजली नाही.

यंदाही बांधावर वेल फुलला आहे. घरी कंपवाताचे माणूस असेल आणि कुणी आपुलकीने कवचबीजाचा डबा आणून दिला असेल, तर तो लपवू नका आणि फेकूही नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर तो डबाही पिशवीत टाका.